दशमांश आधी का वेचणीची मजुरी?

दर्यापूर तालुक्यातल्या एका ताईचं पत्र आहे. नाव-गाव छापू नका म्हणतात, बरोबरच आहे, आपल्या इकडच्या चर्चच्या मंडळ्या एवढ्याशा, दोन ओळीत माणूस ओळखू येते. पत्र लांब होतं, कामापुरतं ठेवलं आहे.

"दादा, प्रभूच्या नावात सलाम. आमचे मिस्टर आधी लय प्यायचे. मागच्या वर्षी कावीळ झाली, डॉक्टरनं हात टेकले होते, मंडळीनं उपास-प्रार्थना केली अन् ते वाचले. तेव्हापासून दारू सुटली. पहाटे ४ ला उठून प्रार्थना, बुधवारी उपास, कुठं कन्व्हेन्शन असलं की जाते. मला आनंदच आहे. पण यंदा १२ क्विंटल कापूस ७,००० नं विकला, ८४,००० आले, त्यातले ८,४०० सरळ दशमांश दिला, वरून चर्चच्या स्लॅबसाठी साऱ्यायसमोर उभं राहून २५,००० बोलले. सहा बायांची वेचणी १० रुपये किलोनं १२,००० बाकी आहे, महिना झाला. कृषी केंद्राची उधारी वेगळी. सासूबाईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या. मी म्हटलं आधी बायांचे द्या, तं म्हणते देवाचं आधी, बाकी देव पाहून घेईन, तुझा विश्वासच कमी आहे. मी प्रार्थनेत डोळे मिटले की त्या बायाच दिसते. एक तं रोज दारावरून जाते अन् काही म्हणत नाही. मन लागत नाही. राग आला म्हणून घरच्या प्रार्थनेत बसणंच सोडलं. जास्त बोलली अन् ते पुन्हा प्यायले लागले तं? खरंच माझी भक्ती कमी आहे का? देवाच्या आड मी येऊन राहिली का?"

नाही ताई, तुम्ही आड येऊन नाही राहिल्या. भक्ती कमी आहे का त्याचं उत्तर थोडं मागं ठेवतो, कारण ते जरासं तुम्हालाही टोचणार आहे. आधी त्या बायांचं पाहू.

डोळे मिटले की बाया दिसतात आणि म्हणून प्रार्थनेत मन लागत नाही असं तुम्ही लिहिता, मला तर वाटते तुमचं मन तिथंच सगळ्यात जास्त लागलेलं आहे. बायबलातल्या मत्तयाचा पाचवा अध्याय काढा, २३ वं वचन. येशू म्हणतो तू अर्पण घेऊन वेदीपाशी आला आणि तिथं तुला आठवलं की आपल्या भावाचं आपल्याबद्दल काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. आता हे ऐकणारे लोक बरेचसे गालीलचे, वेदी यरुशलेमात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर, पायी दोन-चार दिवसांची वाट, आणि अर्पणाचं जनावर तिथं तसंच सोडून गावाला परत जायचं म्हणजे काय लहान गोष्ट नाही, पण तो सांगते जा म्हणून. आणि लक्षात घ्या की आठवते कुठं, तर वेदीसमोरच. तुम्हाला ज्या बाया दिसतात त्या तुमची प्रार्थना मोडून नाही राहिल्या, प्रार्थनेनंच त्यांना समोर आणून उभं केलं आहे असं समजा.

आणि ती एक बाई दारावरून जाते आणि काही म्हणत नाही हे तुम्ही लिहिलं ना, ते वाचून मी थांबलो थोडा वेळ. ती बोलत नाही कारण पुढच्या हंगामात तुमच्याच वावरात काम लागन की नाही ह्याची तिला काळजी, तोंड वाईट कशाला करायचं म्हणते. पण याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात काय आहे पहा, शेतं कापणाऱ्या मजुरांची तुम्ही अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडून राहिली, आणि त्या कापणाऱ्यांच्या हाका सेनाधीश प्रभूच्या कानापर्यंत गेल्या. म्हणजे बाई चूप आहे तरी तिचे पैसे बोलून राहिले. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात तर सरळच आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य बुडायच्या आत द्या, नाहीतर तो तुमच्याबद्दल देवाला हाक मारेल आणि ते तुमच्याकडं पाप लागेल. तुमच्याकडं महिना झाला.

आता मिस्टर म्हणतात देवाचं आधी. हे ते कुठून शिकले मला माहीत आहे, दशमांशाच्या रविवारी सगळीकडं मलाखीचा तिसरा अध्याय घेतात, १० वं वचन, सगळा दशमांश भांडारात आणा, मग पहा मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही. चांगलं वचन आहे, माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही. पण त्याच अध्यायात पाच वचनं मागं जा. ५ व्या वचनात देव म्हणते मी न्यायाला येईन आणि लवकर साक्षीदार होईन, कोणाच्या विरुद्ध, तर जादूटोणा करणारे, व्यभिचारी, खोटी शपथ घेणारे, आणि मजुराला त्याच्या मजुरीत नाडणारे, विधवा आणि अनाथांना छळणारे. एकाच यादीत! मजुरी ठेवणारा तिथं जादूटोणा करणाऱ्याच्या रांगेत उभा आहे. हे पाचवं वचन घेऊन उपदेश मी फार कमी ऐकले, का ते तुम्हीच समजून घ्या. ज्याला दहावं वचन पाहिजे त्यानं पाचव्यावरून चालत यावं, खिडकीतून उडी मारून दहाव्यावर जाता येत नाही.

बरं, हे फक्त वचनापुरतं नाही, आपल्या धर्मशास्त्रात जुन्या लोकांनी ह्यावर लय विचार करून ठेवला आहे. चार सद्गुण तर ग्रीक लोकांपासून चालत आले, विवेक, न्याय, धैर्य, संयम, आणि त्यावर प्रेषित पौलाचे तीन, विश्वास, आशा, प्रीती. तेराव्या शतकात इटलीत थॉमस अक्विनास नावाचे मोठे विद्वान संन्यासी होऊन गेले, त्यांना प्रश्न पडला की देवाची उपासना ह्या सगळ्यात कुठं बसते. आपल्याला वाटेल विश्वासात, नाहीतर प्रीतीत. त्यांनी ती जोडली न्यायाला. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं, आणि देवाचं आपल्यावर जे आहे ते कधीच पुरतं फिटणारं नाही, तरी जेवढं होईल तेवढं देणं म्हणजे उपासना. आता ह्याच्यातून काय निघते पहा. जो माणूस बायांची मजुरी ठेवून दशमांश देतो तो न्यायाच्या मोठ्या कामासाठी न्यायाचं लहान काम मोडून राहिला, आणि मजेची गोष्ट म्हणजे ज्याला देऊन राहिला त्याला ते पैसे मुळात ह्याचे नाहीत हे पक्कं माहीत आहे.

त्याच थॉमसनी भक्ती म्हणजे काय तेही सांगून ठेवलं. अंगावर काटा, डोळ्यात पाणी, हात वर, हे त्यांच्या व्याख्येत नाही. देवाच्या कामाला लागायला इच्छेनं लगेच तयार असणं, एवढंच. आनंद त्याच्या मागून येतो, कधी दुःखही येते, पण भक्ती बसते इच्छेत. म्हणून मन लागत नाही, रडू येत नाही, ह्यावरून काही ठरत नाही. (ह्याच थॉमसनी असंही लिहिलं आहे की विद्येमुळं माणसाला स्वतःचा गर्व चढू शकतो, आणि साध्या लोकांत, बायांमध्ये भक्ती कितीकदा जास्त दिसते. एवढे ग्रंथ लिहिणारा माणूस हे म्हणते म्हणून मला जरा गंमत वाटते.)

तुम्ही कधी नागपूरला गेल्या असाल तर एसएफएस हे नाव ऐकलंच असेल, शाळा आहे, कॉलेज आहे, सदरला मोठं कॅथेड्रल आहे. एसएफएस म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स. आपण कॅथलिक नाही, तरी ह्या माणसाचं ऐकण्यासारखं आहे. जिनिव्हाचे बिशप होते, पण तिथं राहायला मिळत नव्हतं म्हणून अनेसीत राहायचे, १६२२ साली वारले. एका लग्न झालेल्या बाईला भक्तीबद्दल सल्ला म्हणून लिहिलेल्या मजकुरातून त्यांचं भक्तीवरचं पुस्तक तयार झालं आणि १६०९ साली छापलं, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच पत्रव्यवहार. त्यात सुरुवातीलाच ते खोट्या भक्तीची माणसं दाखवतात. एक उपास करते आणि मनात द्वेष भरलेला. एक गरिबांना झटकन पैसे काढून देते पण वैऱ्याला क्षमा करत नाही. एक क्षमाही करते, पण ज्यांचं देणं आहे त्यांचे पैसे मात्र कोर्टानं जबरदस्ती केल्याशिवाय देत नाही. चारशे वर्षांपूर्वी फ्रान्सकडं बसून लिहिलेलं आहे आणि कृषी केंद्राच्या उधारीपर्यंत येऊन पोचलं. पुढं ते म्हणतात प्रत्येकानं आपल्या जागेला शोभेल अशी भक्ती करावी. लग्न झालेल्या माणसांनी संन्याशासारखं पैशाअडक्याचं लक्षच सोडलं, किंवा कारागीर दिवसभर चर्चमध्येच बसला, तर ती भक्ती हसण्यासारखी होईल, घडी बिघडून जाईल. वावर आहे, बायको आहे, म्हातारी माय आहे, मजूर आहेत, तर भक्ती ह्यांच्यामधूनच जाईल, ह्यांना वळसा घालून नाही.

आणि आपण प्रॉटेस्टंट म्हणून कोणी म्हणत असेल की हे सारं कॅथलिकांचं, तर लूथर काय म्हणाले तेही ऐका. १५१७ चे जे ९५ मुद्दे आहेत, ज्याच्यावरून सारं सुरू झालं, त्यातला ४६ वा मुद्दा असा की ज्याच्याकडं गरजेपेक्षा जास्त नाही त्यानं घरच्यांपुरतं आधी ठेवलंच पाहिजे, ते क्षमापत्रांवर, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट म्हणून पैशानं मिळणाऱ्या पत्रांवर, उडवू नये. तेव्हा त्या क्षमापत्रांचा पैसा कशाला जायचा, तर रोमला सेंट पीटरचं चर्च बांधायला. ५० व्या मुद्द्यात ते म्हणतात, पोपला जर कळलं की हा पैसा कसा काढून राहिले, तर आपल्या मेंढरांच्या कातडी-मांस-हाडांवर चर्च उभं होण्यापेक्षा ते जळून राख झालेलं त्याला परवडेल. तुमच्या गावच्या चर्चचा स्लॅब पडायलाच पाहिजे, पावसाळ्यात लोक भिजत बसले तर कोणालाच बरं नाही वाटत. पण त्यात त्या सहा जणींच्या बोटांचं रक्त नको. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी बोटं कशी चिरतात हे मिस्टरांना सांगायची गरज नाही, त्यांनीही वेचला असेल कधी.

हिशोबाचं आता. दशमांश देऊ नका असं मी म्हणत नाही, येशू मत्तय २३ मध्ये परुश्यांना, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणाऱ्यांना, म्हणते पुदिना, शेप, जिरे ह्यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास सोडून देता, हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं. दोन्ही करायचं. पण दशमांश कशावर, तर आपल्या उत्पन्नावर. ८४,००० मधले १२,००० वेचणीचे, ते तुमचे नाहीतच, तुमच्या हातात आहेत एवढंच. राहिले ७२,०००, त्याचा दहावा हिस्सा ७,२००. बियाणं-खताची उधारीही पिकाचाच खर्च आहे, ती काढली की आणखी कमी. म्हणजे मिस्टरांनी जास्तच देऊन ठेवलं. वरून पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात लिहितो की मनाची तयारी असली तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणं दान मान्य होते, जे नाही त्याप्रमाणं नाही. ते २५,००० 'जे नाही' त्यातले आहेत.

ह्यावर ते म्हणतील की मी देवासमोर बोललो, आता नवस मोडू का. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण उपदेशक ५:४ मध्ये नवस फेडायला सांगितलं तसंच दुसऱ्याच्या हक्काचं देवाच्या नावानं बांधून ठेवणं येशूनं साफ नाकारलं आहे. मार्क ७ वाचा दोघं मिळून, आई-बापाला द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण म्हणून सांगायचं आणि मग आई-बापासाठी काही करायचं नाही, त्याला तो म्हणते तुम्ही देवाचं वचन रद्द करता. सासूबाईच्या गोळ्या ह्याच्यातच आल्या. आणि शास्ते ११ मधला इफ्ताह, बोलला म्हणून पोटची पोरगी दिली, त्याच्याबद्दल जेरोम हे चर्चचे जुने पुढारी म्हणून गेले असं सांगतात की नवस करताना मूर्ख आणि फेडताना अधर्मी. तोंडातून निघालं म्हणून चूक गोष्ट पवित्र होत नाही.

आता मिस्टरांबद्दल. तुमच्या पत्रात राग आहे, समजते, पण त्या माणसाची दारू सुटली ताई! कितीक घरं आहेत आपल्याकडं जिथं हे झालं नाही. पहाटे ४ ची प्रार्थना तुम्हाला आता खटकत असेल पण तिनंच त्याला धरून ठेवलं आहे. त्यांच्यात संयम आला आहे, न्याय यायचा राहिला. सगळं एकाच दिवशी येत नाही कोणात. लूक १९ मधल्या जकातदार जक्कयाचं उलट झालं, येशू घरी आला तशी पहिली गोष्ट त्यानं पैशाचीच काढली, अन्यायानं घेतलं ते चौपट परत देतो म्हणाला. मिस्टरांना हा जक्कय आवडेल, तुम्ही नुसतं वाचा आणि सोडून द्या, टोमणा नका मारू.

तुझा विश्वास कमी म्हणणं मात्र त्यांना शोभत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाई तेव्हा तयार नव्हत्या, त्या काही वर्षांनी आल्या, आपल्या पायानं, आणि पुढं दोघंही मराठी ख्रिस्ती लोकांचे केवढे मोठे झाले. नवऱ्याच्या मापानं बायकोचा विश्वास मोजायचा असता तर काय झालं असतं?

आणि आता ते टोचणारं. घरच्या प्रार्थनेत बसणं सोडलं हे बरोबर नाही केलं. मजुरीचा मुद्दा तुमचा शंभर टक्के खरा आहे, पण आपण खरे आहोत म्हणून बाजूला जाऊन बसलं की हळूहळू मनात एक गोड आवाज सुरू होतो, मी ह्यांच्यासारखी नाही, मी निदान न्यायाचं बोलते. मंदिरातला परुशीही असंच म्हणाला होता, आणि त्याची यादीही खोटी नव्हती. तुमची भक्ती कमी आहे असं मी म्हणणार नाही, पण रुसून बसलेली आहे एवढं नक्की. जा, बसा त्यांच्यासोबत, आणि मनात बाया आल्या तर तोंडानं त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा, एकेक नाव, मिस्टरांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. भांडण नको, उपदेश नको, नुसती नावं. ह्याच्यापेक्षा जास्त बोलणारं काही मला सुचत नाही.

मग एखाद्या संध्याकाळी, पोरं समोर नसताना, कागद घेऊन बसा. आधी दारू सुटली त्याबद्दल त्यांच्यासमोर देवाचे आभार माना, खरेखुरे, आणि मग वरचा हिशोब मांडा. पैसे त्यांच्याच हातानं द्यायला लावा, तुम्ही गुपचूप देऊ नका. त्या बाया आपल्या मंडळीतल्या नसतीलही, पण गावात साक्ष काय होते ती त्यांच्याच तोंडून होते, येशूवाला झाला आणि मजुरी ठेवली हे एकदा धुऱ्याधुऱ्यावर गेलं की दहा कन्व्हेन्शन केले तरी पुसत नाही. उशीर झाला म्हणून दोन शब्द मिस्टरांनी बोलावे, बस. कृषी केंद्रवाल्याला थोडे आता, थोडे तूर निघाल्यावर असं सांगितलं तर तो समजते, न सांगितलं तर भडकते.

पास्टरांकडं दोघं जा. २५,००० मी माझ्या ऐपतीबाहेर बोललो, तूर विकली की जमेल ते देईन आणि स्लॅब पडेल त्या दिवशी घमेलं उचलायला सकाळपासून येईन, असं मिस्टरांनी म्हणावं. कामाच्या दिवशी एक भक्कम माणूस किती कामी येते हे पास्टरांनाही माहीत आहे. चांगले असतील तर हात जोडून मान्य करतील. नाही केलं तर मलाखीचं पाचवं वचन त्यांच्यासमोर काढून ठेवा आणि ह्या रविवारी ह्याच्यावर बोला म्हणा.

पुन्हा प्यायले तर, ह्याची भीती मनातून काढा असं सांगणं सोपं आहे, निघत नाही ती. पण मजुरी द्या म्हटल्यामुळं कोणी पीत नाही, ज्याला प्यायचं असते त्याला कारण भेटतेच, आणि तसं झालं तर तुमच्या बोलण्याला दोष न देता सरळ व्यसनमुक्ती केंद्राकडं चला. कावीळ होऊन गेली आहे तर लिव्हरची तपासणी चालू ठेवा आणि बुधवारचा उपास डॉक्टरांना विचारूनच करू द्या, औषधं चालू असतील तर जास्तच.

ह्या सगळ्याला आठ-पंधरा दिवस लागतील, चालेल. सासूबाईच्या गोळ्यांना नाही चालणार, बीपीच्या गोळ्या मधातच बंद झाल्या तर म्हातारीला धोका आहे. त्या आजच आणा, जवळ जनऔषधी केंद्र असेल तर तिथं स्वस्तात भेटतात, जुनी चिठ्ठी सोबत न्या.